हृदयरुग्णाच्या कागदांवरची भाषा कशी वाचायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना हार्ट अटॅकनंतर घरी सोडलंय. डिस्चार्ज कार्डावर डिस्पनिया, पेडल इडिमा, ईएफ ४० टक्के असं बरंच काही लिहिलंय, खाली आठ औषधांची यादी आहे, आणि डॉक्टर फोनवर बोलले की निम्मं डोक्यावरून जातं. लक्षणं, शरीराची कामं आणि हृदयाची औषधं यांचे प्राथमिक शब्द शिकायचे तर सुरुवात कुठून करायची?

हृदयरुग्णांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. अवघड शब्दांमुळे घरच्यांची फारशी फसगत होताना मी पाहिलेली नाही. ‘ऑर्थोप्निया’ वाचला की माणूस थबकतो आणि विचारतो. घोळ होतो तो ‘फेल्युअर’, ‘अक्यूट’, ‘निगेटिव्ह’, ‘रक्त पातळ करणारी गोळी’ असल्या शब्दांनी, कारण ते आपल्याला येतातच असं धरून कुणी विचारत नाही. म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करू.

हार्ट अटॅक, कार्डिॲक अरेस्ट आणि हार्ट फेल्युअर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी एखादी रोहिणी बंद पडते आणि त्या भागातला स्नायू मरू लागतो. कार्डावर याला मायोकार्डियल इन्फार्क्शन किंवा नुसतं एमआय म्हणतात. ईसीजीतला एसटी नावाचा भाग वर उचललेला असेल तर ‘स्टेमी’, नसेल तर ‘एनस्टेमी’. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे हृदयाचं पंपिंग थांबलं: नाडी लागत नाही, माणूस बेशुद्ध आहे, त्या क्षणी छाती दाबायला सुरुवात करायची. हार्ट फेल्युअर मात्र ‘हृदय बंद पडलं’ असं नसतंच. शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही, मग मागे पाणी साठतं, फुप्फुसांत नाहीतर पायांत. हार्ट फेल्युअर लिहिलेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं आपापली कामं करत असतात.

ईएफचं तसंच. इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्के म्हणजे हृदयाचा ६० टक्के भाग निकामी झाला, असा अर्थ निम्मे लोक काढतात आणि घरात रडारड होते. निरोगी हृदयही कधी १०० टक्के रिकामं होत नाही. डाव्या खालच्या कप्प्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त भरतं आणि एका ठोक्याला त्यातलं ७० बाहेर पडतं, म्हणजे जेमतेम ५८ टक्के. ५५ ते ७० हे निरोगी हृदयाचं प्रमाण, ४० किंवा त्याखाली आलं की पंप कमजोर म्हणायचं. वडिलांचे ४० हे ५८च्या शेजारी ठेवून वाचा. शिवाय अटॅकनंतर स्नायूचा काही भाग मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. औषधं नीट चालली तर काही आठवड्यांनी केलेल्या टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हा आकडा वाढलेला दिसू शकतो. उलट बाजूही सांगून ठेवतो: ईएफ ६० असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, कारण काही हृदयं आकुंचन पावतात चांगली पण सैल पडताना ताठ राहतात आणि नीट भरत नाहीत.

‘अक्यूट’ म्हणजे गंभीर नव्हे, अचानक सुरू झालेलं. ‘क्रॉनिक’ म्हणजे जुनं, लांबलेलं. सर्दीही अक्यूट असते. ‘निगेटिव्ह’ ही बहुतेक वेळा चांगली बातमी: ट्रोपोनिन निगेटिव्ह म्हणजे स्नायूला इजा झाल्याची खूण रक्तात सापडली नाही. पण छातीत दुखायला लागल्यावर लगेच काढलेल्या रक्तात ती खूण उतरायला वेळ लागतो, म्हणून काही तासांनी तीच तपासणी पुन्हा करतात. ‘आधी निगेटिव्ह आली, मग पुन्हा कशाला पैसे?’ हा वाद घालू नका. एकोच्या रिपोर्टात ‘ट्रिव्हियल टीआर’, ‘माइल्ड एमआर’, ‘ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन’ असं असेल तर झडपेतून किंचित रक्त मागे येतंय किंवा वयामानाने हृदय थोडं ताठ झालंय, एवढाच अर्थ. यावरून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. ‘आरडब्ल्यूएमए’ मात्र नीट वाचा. हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग बाकीच्यांसारखा हलत नाही, असं ते सांगतं, आणि अटॅक कुठल्या बाजूला झाला हे बऱ्याचदा तिथूनच कळतं.

आता लक्षणांकडे. इथे डॉक्टरांची भाषा शिकण्याआधी आपली भाषा घासूनपुसून घ्यावी लागते. ओपीडीत रोज होणारा संवाद असा असतो. मी विचारतो, ‘छातीत दुखतं का?’ उत्तर येतं, ‘नाही.’ कागदावर ‘छातीत दुखणं: नाही’ अशी नोंद होते. मग सोबत आलेली मुलगी म्हणते, ‘बाबा, काल जिना चढताना थांबलात ना?’ तेव्हा बाबा म्हणतात, ‘ते दुखणं नव्हतं, नुसतं आवळल्यासारखं झालं.’ तेच तर आम्ही शोधत असतो! अंजायना, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने छातीत होणारा त्रास, बहुतेकदा दुखतच नाही. दडपण येतं, जड वाटतं, आवळतं, जळजळतं. श्रमाने येतं, थांबलं की काही मिनिटांत जातं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत सरकतं. असा रुग्ण दाखवताना बरेचदा अख्खी मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. एका बोटाने ‘इथेच, या बिंदूला’ असं दाखवणारं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी, पण शून्य नाही. मधुमेही, वयस्क माणसं आणि स्त्रिया यांच्यात छातीचं लक्षण सौम्य असू शकतं, आणि नुसता दम, दरदरून घाम किंवा पोटाच्या वरच्या भागात मळमळ एवढंच दिसतं. ‘गॅस झालाय’ हे निदान घरच्या घरी करायचं नाही, निदान या वडिलांच्या बाबतीत तरी.

डिस्पनिया म्हणजे दम लागणं किंवा धाप. पण दम लागतो एवढं सांगून भागत नाही, कशाने लागतो ते सांगा. चालताना लागत असेल तर त्याचे चार वर्ग आहेत, न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या नावाने कार्डावर ‘एनवायएचए क्लास’ असं लिहितात. पहिल्यात नेहमीच्या कामांनी काहीच होत नाही, दुसऱ्यात नेहमीच्या कामाने धाप लागते, तिसऱ्यात थोड्याशा हालचालीनेही, चौथ्यात बसल्याजागी. सपाट झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागणं हा ऑर्थोप्निया. म्हणूनच आम्ही ‘किती उशा घेता?’ असं विचारतो, आणि त्यात विनोद काही नसतो. झोपल्यावर एक-दोन तासांनी गुदमरून जाग येणं, खिडकीशी जाऊन उभं राहावंसं वाटणं याला पीएनडी म्हणतात. एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या तर ती आम्हाला कळवण्याजोगी बातमी आहे.

‘चक्कर’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी घालतो. खोली गरगर फिरते तो व्हर्टिगो, त्याचं मूळ बहुतेकदा कानात. डोळ्यांपुढे अंधारी येते, आता पडणार असं वाटतं पण पडत नाही, ती प्रीसिंकोपी. काही क्षण शुद्ध हरपते आणि माणूस आपोआप भानावर येतो, ती सिंकोपी. हृदयरुग्णात शेवटची गोष्ट घडली तर थेट ॲम्ब्युलन्स बोलवायची. मधली बऱ्याचदा उठून उभं राहताना येते, कारण औषधांमुळे उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो. झोपलेले असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत एकदा बीपी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला पोश्चरल हायपोटेन्शन म्हणतात. हे दोन आकडे फोनवर सांगितलेत तर औषधाचा डोस बदलायचा की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना मोठी मदत होते.

पॅल्पिटेशन म्हणजे धडधड जाणवणं. वडिलांना सांगा, टेबलावर बोटाने वाजवून दाखवा. एकसारखं जलद वाजवलं तर एक अर्थ, मध्येच एक ठोका चुकल्यासारखं दाखवलं तर दुसरा, आणि ताल असा नसलेलंच वाजवलं तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका घ्यायची. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. कार्डावर ‘एएफ’ लिहिलं असेल तर पुढे औषधांच्या यादीत गुठळी रोखणारी गोळी का आहे, ते इथे जुळतं.

इडिमा म्हणजे सूज, पेडल म्हणजे पावलांवरची. नडगीवर अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबा. खळगा राहिला तर ‘पिटिंग’, म्हणजे तिथे पाणी साठलंय.

बाकीचे शब्द तुकड्यांनी शिका, पाठ करू नका. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, हायपर जास्त, हायपो कमी. शेवटी कार्डिया आलं तर हृदयाचे ठोके, प्निया आलं तर श्वास, युरिया आलं तर लघवी, इमिया आलं तर रक्तात काहीतरी. एवढ्यावर अर्धं कार्ड सुटतं. टॅकिकार्डिया म्हणजे मिनिटाला १००च्या वर ठोके, ब्रॅडिकार्डिया म्हणजे ६०च्या खाली. ऑलिग्युरिया म्हणजे लघवी कमी होणं, नॉक्ट्युरिया म्हणजे रात्री लघवीसाठी उठावं लागणं. हायपोकॅलेमिया पहिल्यांदा अडतो, पण कॅलियम हे पोटॅशियमचं लॅटिन नाव आहे, म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी. ते साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं, आणि हृदयाच्या तालावर त्याचा फार परिणाम होतो. पुढे औषधांत हा शब्द पुन्हा भेटेल.

‘व्हायटल्स’ म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, तापमान आणि ऑक्सिजन. रक्तदाबाचा वरचा आकडा सिस्टॉलिक, हृदय आवळतं तेव्हाचा. खालचा डायस्टॉलिक, सैल पडतं तेव्हाचा. विसावलेल्या प्रौढाचे श्वास मिनिटाला १२ ते २०. माझ्या मते घरी मोजायची सगळ्यात उपयोगी गोष्ट यातली कुठलीच नाही. ती आहे वजन. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. एका दिवसात किलोभराहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढलं तर ते पाणी आहे, चरबी इतक्या वेगाने चढत नाही. पायांवर सूज दिसण्याआधी बरेचदा काटा सांगतो.

औषधांच्या बाबतीत पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं रेणूचं नाव वाचा. त्या नावाच्या शेपटीत औषधाचं घराणं लपलेलं असतं.

‘ओलॉल’ने संपणारी, म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ही बीटा ब्लॉकर. कार्वेडिलॉलही त्याच घराण्यातलं. ठोके मंद करतात, हृदयाचे श्रम कमी करतात. यातलं सुरुवातीचं गाजलेलं औषध प्रोप्रॅनोलॉल. ते शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. ही गोळी घेणाऱ्याची नाडी ५६ आली तर घाबरून गोळी बंद करायची नाही, ते तिचं कामच आहे. ५०च्या खाली गेली किंवा सोबत अंधारी आली तर फोन करा. अचानक बंद केल्याने अंजायना उसळू शकतो. मधुमेह असेल तर आणखी एक: साखर खूप उतरल्यावर होणारी धडधड ही गोळी झाकते, घाम मात्र येतो, तेव्हा घामाकडे लक्ष ठेवा.

‘प्रिल’ने संपणारी, रामिप्रिल, एनालाप्रिल, रक्तवाहिन्या सैल करतात. यांनी काहींना कोरडा खोकला येतो, दिवसरात्र, कफ नसलेला. खोकल्याची औषधं पिऊन महिने घालवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, ते बहुधा ‘सार्टन’वर नेतील: टेल्मिसार्टन, लोसार्टन. त्यांचं काम जवळपास तेच, खोकल्याची तक्रार क्वचित. प्रिलने ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र पुढची गोळी घ्यायची नाही, सरळ इमर्जन्सी. यादीत प्रिल आणि सार्टन दोन्ही दिसले तर दुसरा डोस घेण्याआधी विचारा. बहुतेक वेळा जुनी गोळी बंद करायची राहून गेलेली असते.

‘डिपिन’, म्हणजे ॲम्लोडिपिन, रक्तदाबासाठी. यांनी घोट्यांवर सूज येऊ शकते आणि ती हार्ट फेल्युअरची नसते. वजन वाढलेलं नाही, दम नाही, फक्त घोटे सुजलेत आणि यादीत डिपिन आहे, असं चित्र असेल तर तसंच सांगा. नाहीतर त्या सुजेसाठी उगाच लघवीची गोळी सुरू होते.

‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलसाठी: ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. अटॅकनंतर ती गोळी आकड्यासाठी नसते, रोहिणीतला थर पुन्हा फुटू नये म्हणून असते. (शेपटीवर आंधळा विश्वास नको: नायस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध आहे.) ‘ग्लिफ्लोझिन’ दिसलं, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, तर ‘वडिलांना मधुमेह नाही, मग साखरेची गोळी का?’ असं वाटेल. ती मधुमेहासाठी आली खरी, पण आता मधुमेह नसलेल्यांनाही हार्ट फेल्युअरसाठी देतात.

लघवीच्या गोळ्या, म्हणजे डाययुरेटिक, यांत दोन परस्परविरुद्ध जाती आहेत. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड पाण्यासोबत पोटॅशियमही बाहेर काढतात. स्पायरोनोलॅक्टोन ते राखून ठेवतं. प्रिल आणि सार्टनही पोटॅशियम थोडं वाढवतात. म्हणून दर थोड्या दिवसांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात, त्यात चालढकल करू नका. बीपीसाठी चांगलं म्हणून विकलं जाणारं ‘कमी सोडियमचं मीठ’ या औषधांसोबत विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. यादीत डिगॉक्सिन असेल तर पोटॅशियम घटणंही धोक्याचं. हे औषध फॉक्सग्लोव्ह नावाच्या वनस्पतीतून आलं, इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंगने १७८५ साली त्यावर लिहिलं होतं. उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं आहे. मळमळ, भूक मरणं, सगळं पिवळसर दिसणं ही त्याची खूण.

आता ‘रक्त पातळ करणारी’. यातली एकही गोळी रक्त पातळ करत नाही, ती रक्त गोठणं अवघड करते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या बिंबाणूंना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाहीत. स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यावर यांतल्या दोन सोबत देतात. वॉरफरिन, असेनोकुमारॉल आणि ‘क्सॅबॅन’ने संपणारी, रिव्हारोक्सॅबॅन, एपिक्सॅबॅन, ही गोठवणाऱ्या प्रथिनांवर काम करतात, एएफमध्ये यांतलं एखादं देतात, कृत्रिम धातूच्या झडपेसाठी मात्र वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉलच, क्सॅबॅन चालत नाही. एका घराण्याची गोळी दुसऱ्याच्या जागी चालेल असं समजणं, किंवा ‘दात काढायचाय, पाच दिवस रक्त पातळ व्हायची गोळी बंद ठेवू’ असं परस्पर ठरवणं, हे नवीन स्टेंटच्या बाबतीत जिवावर बेततं. दंतवैद्यांना गोळीचं नाव सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. वॉरफरिन घेणाऱ्याचं आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचा आकडा, पाहतात, बहुतेकांसाठी २ ते ३च्या दरम्यान हवं असतं. पालेभाज्यांनी हा आकडा बदलतो, पण म्हणून त्या सोडू नका, आठवडाभर शून्य आणि मग एकदम भरपूर असं करू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं आपल्या मनाने घ्यायची नाहीत, रक्तस्राव वाढतो आणि पाणीही साठतं. मेलिना, म्हणजे डांबरासारखी काळी शौच, दिसली तर त्याच दिवशी दाखवा. यादीत पॅन्टोप्राझोल असेल तर ते पोटाच्या रक्षणासाठी आहे.

जिभेखालची नायट्रेटची गोळी, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीन, छातीत दडपण आलं की बसून घ्यायची, उभं राहून घेतली तर भोवळ येते. डोकं दुखलं तर ती काम करतेय असं समजा. पाच मिनिटांत दडपण गेलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा, दुसऱ्या गोळीचा प्रयोग करत बसू नका. लैंगिक दुर्बलतेवरच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यानंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास ही नायट्रेटची गोळी चालत नाही, रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. वडील हे तुम्हाला सांगणार नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी एकांतात विचारावं असं त्यांच्या कानावर घाला.

वेळेच्या खुणा पटकन: ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एसओएस गरज पडली तर. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. सी/ओ म्हणजे तक्रार, एच/ओ म्हणजे पूर्वेतिहास, एनएडी म्हणजे काही वावगं आढळलं नाही.

फोन करताना हे सगळे शब्द वापरायची गरज नाही, क्रम मात्र असा ठेवा: ‘वडील, वय ६८, तीन आठवड्यांपूर्वी स्टेमी, एक स्टेंट, ईएफ ४०. परवापासून सपाट झोपल्यावर दम लागतो, एकाच्या तीन उशा झाल्या. वजन चार दिवसांत अडीच किलोने वाढलं. नाडी ९४, बीपी ११०/७०, पायांवर खळगा पडतो. टॉर्सेमाइड १० सकाळी चालू आहे, एकही डोस चुकलेला नाही. छातीत दडपण नाही.’ हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. दम बसल्याजागी लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर हा फोन करायचा नाही, थेट ॲम्ब्युलन्सला लावायचा, आणि कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची.